पडवी : अठरा बाय दहा

तुमच्या घरी मी येऊन गेले असेन, तर माझा चेहरा तुम्हाला आठवणार नाही. मला मात्र तुमची मोरी किती बाय किती होती, हे आठवत असण्याची दाट शक्यता आहे. बत्तीस वर्षं मी महापालिकेच्या घरपट्टी विभागात काढली, त्यातली बावीस दारोदार फिरून घरं मोजण्यात. महापालिका कुठली, ते पुढे गावांच्या नावांवरून तुम्ही ओळखालच. मी नाव घेत नाही. पेन्शन वेळेवर येते आहे, ती तशीच येऊ दे.

लोकांना वाटतं, घरपट्टीवाली बाई येते ती बिल वाढवायला. वाढवायची हौस मला कधीच नव्हती. मला हौस होती बघण्याची. बघायचे आणि जळायचे. दुसरा शब्द नाही त्याला. कोणाचा हेवा वाटला की माझ्या उजव्या कानाची पाळी गरम होते, अजूनही. नोकरीत असताना ती दिवसातून तीन-चारदा तरी गरम व्हायची.

त्याचं कारण आमची खोली. कळव्याला बैठ्या चाळीत आम्ही राहायचो. सोळा बाय अकरा, म्हणजे एकशे शहात्तर चौरस फूट, मोरी धरून. त्यात सासूबाई, आम्ही दोघं, लेक आणि धाकटा दीर. लेक दहावीला असताना गॅसच्या ओट्यापाशी स्टुलावर बसून भूमिती करायची आणि फोडणी द्यायची वेळ आली की वही उचलून उभी राहायची. मी सकाळचा चहा उभ्याने प्यायचे. एकटीने बसायची जागा मला एकच होती, ती म्हणजे ऑफिसचा मागचा जिना. त्यामुळे दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं की माझ्या डोक्यात आपोआप भागाकार सुरू व्हायचा. हा फ्लॅट म्हणजे आमच्या तीन खोल्या. हा हॉल म्हणजे दीड.

काम तसं समजायला सोपं आहे. हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल याचा अंदाज करायचा आणि त्यावर कर बसवायचा. त्यासाठी तीन गोष्टी बघतात. आतून भिंतीपासून भिंतीपर्यंतचं माप, बांधकाम स्लॅबचं की कौलाचं की पत्र्याचं, आणि वापर कोणाचा, म्हणजे मालक स्वतः राहतो की भाडेकरू ठेवलाय की गाळा काढलाय. एवढं सगळं तक्त्यात बसतं. तक्त्यात बसत नाहीत त्या गॅलऱ्या, पोटमाळे आणि पडव्या. आमच्याकडची रीत अशी, की उघडी असेल तर धरायची नाही, बंद करून घेतली असेल तर खोली म्हणून धरायची. आता धड उघडी नाही आणि धड बंद नाही, अशी असेल तर? तिथे निरीक्षकाने बघून ठरवायचं. रजिस्टरात शेवटी शेऱ्याचा एक बारीक रकाना असतो. त्यात तो 'उघडी' लिहील किंवा 'बंदिस्त' लिहील, तेच पुढे चालतं. मालकाला नोटीस जाते, हरकत घेता येते, सुनावणी होते. पण पुष्कळ लोक येतच नाहीत. सरकारी बाईने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असं मानणारी माणसं अजून आहेत, आणि त्यांची मला तेव्हाही भीती वाटायची.

माझ्याबरोबर टेपचं दुसरं टोक धरायला भोईर असायचे. आमचे शिपाई, इथलेच आगरी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांना टेप लागायचीच नाही. दारात उभं राहून लाद्या मोजायचे. "मॅडम, दोन फुटी लादी, अकरा लाद्या, बावीस फूट. लिवा." टेप लावली की बावीसच निघायचे. ती सवय मलाही लागली. लग्नाला गेले तरी हॉलच्या लाद्या मोजते आणि नवरा-नवरीकडे बघायचं राहून जातं.

घोडबंदर रोडला टॉवर उभे राहायला लागले तेव्हा माझ्या कानाचे हाल झाले. एकदा एकतिसाव्या मजल्यावर गेलो. आमच्या आठ खोल्या मावतील एवढा फ्लॅट. मालक परदेशात, चावी वॉचमनकडे. सोफ्यावर प्लास्टिक तसंच होतं, गाद्यांवर प्लास्टिक तसंच. चार बेडरूम आणि राहायला कोणी नाही. भोईर किचन मोजायला गेले तेव्हा मी शेवटच्या बेडरूमचं दार आतून लावून घेतलं आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसले. काहीच केलं नाही, नुसती बसले. भोईरांनी बाहेरून विचारलं, "मॅडम, किती आली?" मी म्हटलं, "अजून मोजतेय."

खोपटला एसटी डेपोच्या मागे एक निवृत्त ड्राफ्ट्समन राहायचे. त्यांनी आम्ही यायच्या आधीच आपल्या घराचा नकाशा काढून ठेवला होता, रंगीत पेन्सिलींनी. आमच्या मापात दोन इंचांची चूक आहे असं त्यांचं म्हणणं, आणि ती होती. मी निमूटपणे खोडून दुरुस्त केलं. त्या नकाशात खिडकीपाशी एक छोटा चौकोन होता, त्यात सुबक अक्षरांत लिहिलं होतं : 'माझी खुर्ची'. चुकीचं वाईट वाटलं नाही, पण त्या चौकोनाने माझी झोप उडवली.

पण हा हेवा तेवढ्यापुरता असायचा. बस पकडेपर्यंत जिरायचा. नोंद मी नेहमी असेल तशीच केली. कोणाकडून पेढासुद्धा घेतला नाही. साहेब लोकांत माझं नावच पडलं होतं, सावंत बाईंच्या मापाला फेरमाप लागत नाही. हे मी मिरवतेय, कारण ते खरं आहे. एक नोंद सोडून.

घोडबंदर रोडच्या खाडीकडच्या अंगाला जुनी गावठाणं आहेत. टॉवरच्या मागे गेल्याशिवाय दिसत नाहीत. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्यांची घरं आहेत. कौलारू, अंगणात क्रूस, मागे विहीर. मे महिन्यातल्या एका दुपारी मी आणि भोईर मार्थाबायच्या घरी गेलो. मार्था परेरा, साठीच्या आसपासची विधवा बाई. मुलगा कंपनीत, सून शाळेत, दुपारी घरात ही एकटी. एकटी म्हणजे कागदावर एकटी.

कारण घराला पुढे पडवी होती. शेणाने सारवलेली नव्हती, लाल कोबा केलेला, पाय ठेवला की गार. एका अंगाला कमरेएवढी भिंत आणि वर लाकडी जाळी, उन्हाच्या बाजूला बांबूची चिक, समोरची बाजू सगळी मोकळी. आम्ही गेलो तेव्हा तीन बायका पाय पसरून मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. वर्षाचा मसाला करायचे दिवस होते. धुवून ठेवलेल्या तपकिरी बाटल्या भिंतीवर ओळीने वाळत होत्या, कुटलेला मसाला त्यांत ठासून भरायचा. कोपऱ्यातल्या बाकावर एक म्हातारबाबा तोंडावर टोपी ठेवून झोपले होते.

"ये बाय, बस," मार्थाबाय म्हणाली. "उन्हाची आलीस. माप काय पलून जातंय? चा घे आदी."

मी बसले. खांबाला पाठ टेकली. चहा आला. माझ्यासमोर पाववाला आला आणि हाकही न मारता कट्ट्यावर पाव ठेवून गेला. शेजारची एक बाई आली, दोन मूठ मिरच्या साफ केल्या, कोणाची तरी नक्कल करून सगळ्यांना हसवलं आणि उठून गेली. विचारून कोणी येत नव्हतं, सांगून कोणी जात नव्हतं. म्हातारबाबा जागे झाले, पाणी प्याले, परत झोपले.

"हे तुमचे सासरे?" मी विचारलं.

"नाय गो. ते पलीकडच्या आलीतले. त्यांच्या घरात वारा नाय येत."

मी दुसरा कप चहा मागून घेतला. एवढ्या वर्षांत कोणाच्या घरी चहा मागून घेतलेला मला आठवत नाही. त्याच दिवशी सकाळी सासूबाईंच्या खाटेवरून घरात भांडण झालं होतं. खाट आडवी लावली की दार पूर्ण उघडत नाही आणि उभी लावली की कपाट उघडत नाही. त्या भांडणातून मी न जेवता निघाले होते. आणि इथे पलीकडच्या आळीतला म्हातारा आडवा पडायला येत होता, वाऱ्यासाठी.

मग उठून मापं घेतली. आतल्या खोल्या झाल्या. शेवटी पडवी. अठरा बाय दहा, एकशे ऐंशी. आमच्या पाच माणसांच्या घरापेक्षा चार चौरस फूट जास्त, आणि त्यात ही बाई मिरच्या वाळवत होती. माझा कान इतका तापला की मी पदराने चोळला.

"भोईर, ही बंदिस्त धरायची," मी म्हटलं.

भोईर टेप गुंडाळता गुंडाळता थांबले. "बंदिस्त कशी, मॅडम? समोर सगली मोकली हाय."

"एका बाजूला भिंत-जाळी आहे. दुसरीकडे चिक आहे."

"चिक हाय ती. गुंडालली का उघडंच." त्यांनी जाऊन दोरी ओढून चिक वर करून दाखवली. खाडीवरचं ऊन आत आलं, बायका ओरडल्या, त्यांनी परत खाली सोडली. "बगा."

"निरीक्षक कोण आहे, भोईर?"

एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. ते टेप पिशवीत टाकून अंगणात जाऊन उभे राहिले. मी रकान्यात 'बंदिस्त' लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं. नियमात बसत होतं. कोणी विचारलं असतं तर भिंत, जाळी, चिक असं सगळं मला सांगता आलं असतं. मला फक्त एवढंच हवं होतं, की जे मला मिळत नाही ते हिला फुकट मिळू नये.

निघताना मार्थाबायने मसाल्याची एक बाटली पुढे केली. मी म्हटलं, आम्हाला काही घेता येत नाही.

"पैशे नाय गो, मसाला हाय."

"नाही म्हटलं ना," असं मी जरा जोरातच म्हणाले, आणि बसमध्ये बसल्यावर आपण बाटली घेतली नाही याचा मला अभिमान वाटत होता. इतकी माझी अक्कल.

नोटीस गेली. हरकतीची मुदत संपेपर्यंत मी रोज टपालाच्या गठ्ठ्यात परेरा नाव शोधत होते. अर्ज आला तर लगेच मान्य करायचा, पडवी मापातून काढून टाकायची, असं मी स्वतःशी ठरवलं होतं. अर्ज आला नाही. साहेबांची सही झाली. स्वतःहून दुरुस्तीची टिपणी लिहायला मला कोणीच अडवलं नव्हतं. पण तिच्यात कारण लिहावं लागतं, आणि कारण काय लिहिणार? सावंत बाईंच्या मापाला फेरमाप लागत नव्हतं ना. मी गप्प बसले. भोईरांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पण तेव्हापासून वादाची गॅलरी आली की ते माझ्याकडे न बघता आभाळाकडे बघायचे. ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात माझ्याबद्दल चांगलं बोलले, आणि तेही मला लागलं.

बरीच वर्षं गेली. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली तेव्हा फेरतपासणी निघाली आणि तो भाग पुन्हा माझ्याकडे आला. आता टेप नव्हती. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र, भिंतीवर लाल ठिपका पडला की माप हजर. मी मनाशी ठरवून गेले होते की पहिलं काम मार्थाबायचं करायचं. पडवी 'उघडी' लिहायची, कारण विचारलं तर खरं कारण सांगायचं.

अंगणात शिरले आणि मला घर चुकल्यासारखं वाटलं. पडवीला समोरून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या होत्या, काळ्या काचेच्या. जाळीच्या जागी वीट आणि प्लास्टर. चिक नव्हती. दाराला बेल होती. मी बेल वाजवली. आतून टीव्हीचा आवाज कमी झाला आणि बऱ्याच वेळाने दार उघडलं.

मार्थाबाय वाकली होती, पण तिने मला ओळखलं. "मापवाली बाय! ये. आज तरी मसाला घेशील का?"

आत सोफा होता, टीव्ही होता, पंखा होता. लाल कोब्यावर लाद्या बसवल्या होत्या. सवयीने मोजल्या. दोन फुटी, नऊ आणि पाच. अठरा बाय दहा. मी यंत्र बाहेर काढलंच नाही.

"हे कधी केलंत?" मी विचारलं.

"तूच लिवलंस ना," ती अगदी सहज म्हणाली. "कागद आला तवा लेक बोलला, बंद पडवीचा कर भरायचा त बंदच करून टाकू. उगाच उघड्या जागेचे पैशे कोन भरील? त्याचं बी बरोबर हाय. रस्त्याची धूल पन लय येते आता."

म्हणजे तपासणीत माझी नोंद बरोबर निघाली होती. पडवी बंदिस्त होती. दुरुस्त करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"बायका येतात का अजून?" मी विचारलं. उत्तर माहीत असताना विचारलं.

"कवा तरी. सनाला." तिने रिमोट बाजूला ठेवला. "बेल वाजवून कोन गप्पा माराला येतंय, बाय? बेल वाजवली का काम सांगावं लागतं."

मग मी बोलले. म्हटलं, "मार्थाबाय, तेव्हा माझं चुकलं."

"मापात?"

"नाही. माप बरोबर होतं. पडवी उघडी होती आणि मी मुद्दाम बंद लिहिली."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिला खरंच समजत नव्हतं. "पन तू त दोन कप चा पिलीस हितं. मागून घेतलास. मला वाटलं, तुला आवडली पडवी."

"आवडली होती," मी म्हटलं. "म्हणूनच."

टीव्हीवर कोणीतरी आवाज न करता रडत होतं. मग ती उठली, भिंतीचा आधार घेत आत गेली आणि बाटली घेऊन आली. या वेळी मी घेतली. तिने काही माफ-बिफ केलं नाही, तसं समजू नका. देताना एवढंच म्हणाली, "हा मिक्सरचा हाय. कुटाला आता कोन येत नाय."

मी रजिस्टरात 'बंदिस्त' कायम केलं आणि सही केली. नोकरीतली सगळ्यात अचूक नोंद ती असावी.

आता आम्ही डोंबिवलीला राहतो. फंडातून घेतलेला फ्लॅट, जुन्या हिशेबाने आमच्या अडीच खोल्या. सासूबाई गेल्या, दीर वेगळा झाला, लेक पुण्याला. गॅलरी आहे. तिथे माझी खुर्ची आहे आणि सकाळचा चहा मी बसून पिते. लोकांनी गॅलऱ्या काचा लावून बंद केल्यात, आमच्या विंगमध्ये आमची एकच उघडी आहे. मी खुर्ची रस्त्याच्या बाजूला वळवून बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसते. वर बघून कोणी हसलं तरी तिसऱ्या मजल्यावर कोण चढून येणार? मार्थाबायचा हेवा मला अजून वाटतो. तिच्याकडे आता पडवी नाही, हे माहीत असूनही वाटतो.

गेल्या महिन्यात इथल्या घरपट्टी खात्याची मुलगी आली. पंचविशीची असेल, गळ्यात ओळखपत्र, हातात तेच लाल ठिपक्याचं यंत्र. मी कोण होते ते तिला सांगितलं नाही. तिने भराभर खोल्या मोजल्या आणि गॅलरीपाशी येऊन उभी राहिली. आमच्या गॅलरीला खाली भिंत आहे, वर ग्रिल आहे आणि उन्हासाठी मी लावलेली बांबूची चिक आहे. ती चिककडे बघत राहिली. माझा कान तापायला लागला.

"मावशी, ही चिक वर होते का?"

मी दोरी ओढली. ऊन तिच्या तोंडावर आलं.

"मग उघडीच आहे ना," ती म्हणाली. खाली बघून मोबाइलवर बोट फिरवून तिने तसं लिहूनही टाकलं. एवढा वेळ लागला फक्त, चिक वर जायला लागतो तेवढा.

मी म्हटलं, "चहा टाकलाय. बस ना गं दोन मिनिटं."

"नको मावशी, आम्हाला काही घेता येत नाही. आणि अजून अख्खी विंग बाकी आहे."

त्या पोरीचा मला इतका हेवा वाटला, जितका आयुष्यात कुठल्या घराचा वाटला नव्हता. दार लोटून घेताना तिने शेजारची बेल वाजवलेली मला ऐकू आली. चहा मी दोन कप टाकला होता.